तज्ज्ञ म्हणायचं कुणाला?

दसलक्षण पर्वातली गोष्ट. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकून आम्ही सोप्यात बसलो होतो. धाकट्या भावोजींनी मोबाइल पुढे केला. इजिप्तमधल्या एका मंदिराच्या तुळईवर चक्क हेलिकॉप्टर कोरलेलं! "बघा वहिनी, तीन हजार वर्षांपूर्वी विमानं होती." मी म्हटलं, "मला नाही पटत." ते हसले. "तुम्ही काय त्यातल्या तज्ज्ञ?"

मीही हसले, पण शब्द मनाला लागला. मी नुसती बी.ए., जन्म सगळा संसारात गेला. मला अधिकार नाही हे खरं. पण मग त्या व्हिडिओत बोलणाऱ्याला तरी तो कुणी दिला? म्हणून वाचायला बसले.

ते मंदिर अ‍ॅबिडोस गावचं, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातलं. बांधायला घेतलं सेती पहिला या राजाने. तुळईवर त्याची पदवी कोरली होती, 'नऊ धनुष्यांना हटवणारा', म्हणजे इजिप्तच्या शत्रूंना हटवणारा. मुलगा दुसरा रामसेस गादीवर आल्यावर ती अक्षरं गिलाव्याने बुजवून तिथेच त्याची पदवी कोरली, 'इजिप्तचा रक्षक, परक्या देशांना नमवणारा'. काळाने गिलावा झडला आणि दोन्ही लेख एकमेकांत मिसळले. पाटी नीट न पुसता पुन्हा लिहिलं की होतं ना, तसंच. ही लिपी वाचता येणाऱ्याला तिथे दोन राजे दिसतात, न येणाऱ्याला हेलिकॉप्टर.

म्हणजे शिकलेल्यांचं ऐकावं, एवढंच ना? तेही इतकं सोपं नाही. सतराव्या शतकात रोममध्ये किर्खर नावाचे मोठे विद्वान पाद्री होते. चित्रलिपीवर त्यांनी भलेथोरले ग्रंथ लिहिले आणि लोकांनी मान डोलावली. एका राजाच्या साध्या नावाचं त्यांनी लांबलचक गूढ वाक्य करून टाकलं! पण प्राचीन इजिप्तची भाषा कॉप्टिक ख्रिश्चनांच्या प्रार्थनेत टिकून आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. एकाच माणसाचं एक बरोबर, एक साफ चूक.

पुढे १७९९ मध्ये रोझेटाचा शिलालेख सापडला. एकच मजकूर, चित्रलिपीत, लोकलिपीत आणि ग्रीकमध्ये. त्यावर झटले ते कोण? इंग्लंडचे थॉमस यंग पेशाने डॉक्टर, फ्रान्सचे शांपोलियाँ इतिहासाचे शिक्षक. तेव्हा या विषयाची पदवीच नव्हती. शांपोलियाँ लहानपणापासून कॉप्टिक घोकत आले होते. १८२२ मध्ये त्यांनी आपली उकल मांडली. ती टिकली, कारण तीच रीत लावून दुसऱ्यालाही नवा लेख वाचता येऊ लागला.

मला मात्र सर्वांत जवळची वाटली ती डोरोथी ईडी. १९०४ मध्ये लंडनला जन्मलेली, लग्न करून इजिप्तला गेलेली. मुलाचं नाव सेती, म्हणून लोक तिला उम्म सेती, सेतीची आई म्हणत. पदवी नव्हती. पुराणवस्तू खात्यात रेखाटनं करता करता तिने नाव कमावलं आणि १९५६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९८१ पर्यंत, अ‍ॅबिडोसलाच राहिली. ती म्हणे, मागच्या जन्मी मी याच मंदिरात होते. आपण जैन बायका जातिस्मरणाच्या कथा ऐकतच वाढलो, तेव्हा मी तिला कशाला हसू? संशोधकांनी तिच्या पूर्वजन्माला पुरावा मानलं नाही. तिचं रेखाटन आणि मंदिराच्या दगड-दगडाची ओळख मात्र मानली. आठवण तिची एकटीची, रेखाटन कुणीही भिंतीशी ताडून पाहावं.

हे सांगितल्यावर भावोजी म्हणाले, "वहिनी, अनेकांत विसरलात? त्यांचंही खरं, तुमचंही खरं." मी म्हटलं, "भावोजी, एका वस्तूला अनेक बाजू असतात, असं अनेकांत सांगतो. नसलेली वस्तू त्याने उभी राहत नाही."

मग भरतकामाचा ट्रेसिंग पेपर काढला. दोन कागदांवर दोन राजांच्या पदव्या गिरवल्या आणि एकावर एक ठेवल्या. भावोजी वाकून बघत राहिले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं ते राहू द्या. वरचा कागद सरकवा आणि तुम्हीच बघा."