दूरच्या डॉक्टरांच्या दारी तज्ज्ञांचे ज्ञान

आरोग्यसेवेच्या इतिहासात नव्या औषधाच्या शोधाची नोंद अगत्याने होते. परंतु ते औषध कसे द्यावे, याचे ज्ञान आडगावच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचविणाऱ्यांचे कार्य सहसा अप्रसिद्धच राहते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात २००३ साली सुरू झालेला ‘प्रोजेक्ट एको’ हा अशाच कार्याचा वस्तुपाठ होय.

हे राज्य विस्ताराने मोठे, पण वस्ती विरळ. यकृताला हळूहळू पोखरणाऱ्या हेपॅटायटिस-सी या विषाणूजन्य विकाराचे तेथे हजारो रुग्ण होते. तज्ज्ञ मात्र मोजकेच. आल्बुकर्की येथील विद्यापीठात भारतीय वंशाचे यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे पाळी येण्यास आठ-आठ महिने लागत. त्या काळी दर आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन व जोडीला रिबाविरिनच्या गोळ्या असा उपचार, पुष्कळदा वर्षभर, घ्यावा लागे. त्याने रक्त कमी होई, मन खिन्न होई. साहजिकच स्थानिक डॉक्टर हा उपचार हाती घेण्यास कचरत आणि रुग्ण उपचाराविना राहत.

डॉ. अरोरा यांनी रुग्णांना शहरात बोलावण्याऐवजी दूरच्या डॉक्टरांनाच या कामात तयार करण्याचे ठरविले. दर आठवड्याला ठरल्या वेळी ग्रामीण दवाखान्यांतील व तुरुंगांतील वैद्यकीय कर्मचारी दूरचित्रसंवादाने एकत्र येत. प्रत्येकजण आपल्या रुग्णाची माहिती, नाव गुप्त ठेवून, ठराविक नमुन्यात मांडी. यकृततज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ व औषधतज्ज्ञ त्यावर सल्ला देत. शेवटी एखादे छोटेसे व्याख्यान होई. उपचाराची जबाबदारी मात्र स्थानिक डॉक्टरांकडेच राही. एकाच्या रुग्णावरील चर्चेतून इतर सर्व शिकत आणि खेड्यातील अडचणी तज्ज्ञांनाही उमगत. ठरलेली वेळ, चोख नोंदी व सातत्याचा पाठपुरावा या तीन गोष्टींवर हा सारा डोलारा उभा होता.

खेड्यातील उपचार कमी प्रतीचा तर ठरणार नाही ना, ही शंका रास्त होती. तिचे उत्तर डॉ. अरोरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ४०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून दिले. विद्यापीठात ५७.५ टक्के, तर दूरच्या केंद्रांत ५८.२ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले होते. दोन्हीकडचा ताळेबंद जवळजवळ सारखाच निघाला!

पुढे या विकारावर केवळ गोळ्यांचा अधिक गुणकारी उपचार आला. शिक्षणाची पद्धत मात्र टिकली. ती अनेक देशांत गेली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनेही मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणासाठी तिचा स्वीकार केला.

दवाखान्यास इमारत व यंत्रे देणाऱ्या दात्यांची परंपरा आपल्या समाजात मोठी आहे. तेथील डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणासाठीही दानाचा काही भाग राखून ठेवावा, हाच या इतिहासाचा बोध होय. यंत्र कालांतराने झिजते. दिलेले ज्ञान मात्र हातोहात वाढत जाते.