जुन्या ‘बोलर’चा जीर्णोद्धार
मोटारीमागे ओढून न्यायचे ‘बोलर’ हे फायबर ग्लासचे छोटेखानी फिरते घर कॅनडातील विनिपेग येथे १९६८ मध्ये आकारास आले. साच्यांतून काढलेले वरचा व खालचा असे दोन भाग जोडून त्याचे कवच बनते. हे कवच कुजत नाही. मात्र खिडक्यांच्या रबरातून आणि रिव्हेटांच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी आतील प्लायवूड कुजविते. त्यामुळे रंगकामापूर्वी गळती रोखावी. लोखंडी सांगाड्याचे तडे व आसातील रबराची लवचीकता तपासावी. आतील कपाटे छताला आधार देत असल्याने ती सरसकट काढल्यास छत खचू शकते. फायबर घासताना धूळरोधक मुखवटा अनिवार्य. नव्या सजावटीने वजन वाढू देऊ नये. प्रवासातील सुरक्षितता त्यावरही अवलंबून असते.