न्हाण आले, म्हणजे मुलगी मोठी झाली?

'पोर शहाणी झाली' हे शब्द आजऱ्याच्या आमच्या घरात मी आजीच्या तोंडून पुष्कळदा ऐकले. जुन्या काळी पहिले न्हाण आले, की मुलीला मखरात बसवीत, ओटी भरीत. लग्न बहुधा आधीच झालेले असे. मग गर्भाधानाचा मुहूर्त पाहत. शरीराने एक खूण दाखविली, की वडीलधारी माणसे मुलगी संसाराला तयार झाली असे मानीत.

मुंबईच्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी मात्र आपल्याच घरात ही रीत मोडली. त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई हिचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी तिचे लग्न झाले. काही महिन्यांतच ती वयात आली. पण डॉक्टरांनी गर्भाधान होऊ दिले नाही. १८८४ साली दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. १८८५ साली न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर, १८८७ साली, 'नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात' असा निकाल झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली! १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. १८९१ साली संमतिवय दहावरून बारा झाले, तेव्हा टिळक विरोधात आणि आगरकर बाजूने उभे होते.

डॉक्टरांच्या नकाराला आजचे शास्त्र दुजोरा देते. मेंदूच्या इशाऱ्याने मुलीचे बीजकोश जागे होतात. त्यांतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवू लागते आणि स्तनाग्राखाली लहानशी गाठ लागते. ही बहुधा पहिली खूण, साधारणतः ८ ते १३ या वयातली. ती एका बाजूला आधी येते, थोडी दुखतेही; त्यात भिण्यासारखे काही नाही. आठ वर्षांच्या आत दिसली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. पाळी त्यानंतर सुमारे दोन-अडीच वर्षांनी येते आणि कमरेची हाडे त्यानंतरही भरत राहतात. म्हणजे पूर्वज ज्याला शेवट समजले, ती मधली पायरी होती.

आज कायद्याने लग्नाचे वय १८ आहे. पण घरातले मौन संपलेले नाही. दहा वर्षांची पोर खांदे पुढे ओढून चालू लागली, तर तिला दटावू नका. जवळ बसवा, काय घडते आहे ते सांगा. रखमाबाईंच्या पाठीशी घरचे एक जाणते माणूस उभे राहिले, म्हणून त्या वाचल्या. तेवढे भाग्य आपल्याही लेकीला लाभावे.