साथसंगत आणि पाठराखण : पं. भीमसेन जोशी व जालन्याचे पेटीवादक अप्पासाहेब जळगावकर

प्रस्तावना :
पाश्चात्त्य रॉक संगीताच्या अलीकडील इतिहासात एका घटनेचा उल्लेख वारंवार होतो. इंग्लंडचे जगप्रसिद्ध गायक एल्टन जॉन यांनी उमेदवारीच्या काळात ज्यांना आदर्श मानले, ते अमेरिकन पियानोवादक लिऑन रसेल उतारवयात जवळजवळ विस्मृतीत गेले होते. एल्टन जॉन यांनी २०१० मध्ये त्यांच्यासमवेत 'द युनियन' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. पुढे २०११ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये रसेल यांचा समावेश झाला, त्या समारंभात त्यांचा परिचयही एल्टन जॉन यांनीच करून दिला. रसेल यांची सुरुवातीची अनेक वर्षे ध्वनिमुद्रण-गृहांत इतरांच्या गाण्यांना साथ करण्यात गेली होती, ही बाब प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

हिंदुस्थानी संगीतात अशी जाहीर पाठराखण करण्याची रीत नाही. येथे मोठा गायक दुसऱ्या कलावंताविषयीचे आपले मत बहुधा बोलून दाखवत नाही. मैफलीत आपल्या डाव्या हाताला पेटी घेऊन कोणाला बसवायचे, या निवडीतून ते व्यक्त होते. ही निवड इतिहासाचे साधन मानता येईल काय, याचा विचार जालना जिल्ह्यातील एका कलावंताच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

जालन्याचे जळगावकर :
पं. अप्पासाहेब जळगावकर यांचे मूळ गाव जालन्याजवळचे जळगाव. आडनावामुळे त्यांना खानदेशातील जळगावचे समजण्याची चूक आजही होते; खुद्द जालन्यातील पदवीच्या वर्गात प्रस्तुत लेखकाने विचारले असता हेच उत्तर मिळाले. 'जालना सोने का पालना' ही म्हण येथे सर्वांना पाठ आहे. लोखंडी सळ्या, बियाणे आणि मोसंबी यांसाठी जिल्ह्याचे नाव घेतले जाते. पेटीसाठी ते कोणी घेत नाही.

अप्पांच्या बालपणी जालना हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि स्वतंत्र जालना जिल्हा तर १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. थोडक्यात, ज्या जिल्ह्याचे सुपुत्र म्हणून आज त्यांचा उल्लेख करावयाचा, तो जिल्हा निर्माण होण्यापूर्वीच त्यांची कारकीर्द बहराला आली होती. आरंभी त्यांनी गायनाची, त्यातही ध्रुपद-धमाराची तालीम घेतली. पेटी मात्र बव्हंशी स्वतःच्या कष्टाने साध्य केली. कर्मभूमी पुणे ठरली. मराठवाड्यातील कलावंताला नाव मिळविण्यासाठी प्रदेश सोडावा लागला, ही त्या पिढीची सर्वसाधारण कहाणी होय.

वाद्यावरील बंदी :
अप्पांनी निवडलेले वाद्य हेच त्यांच्या उपेक्षेचे पहिले कारण मानावे लागते. अलेक्झांडर देबें यांनी १८४२ मध्ये पॅरिस येथे हार्मोनियमचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसून, एका हाताने भाता हलवीत वाजविण्याजोगे रूप दिले. मराठी नाटक, कीर्तन, भजन या सर्वांत ती सहज सामावली. परंतु तिच्या पट्ट्यांचे स्वर ठरलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेदही दाखविता येत नाहीत. हे आक्षेप खोटे नव्हते. रवींद्रनाथ टागोरांसारख्यांचा या वाद्याला विरोध होता. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये उठली, पण अंशतःच. साथीसाठी मर्यादित परवानगी मिळाली. एकलवादनाचे दार बंदच राहिले.

या तीन दशकांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. संस्थानिकांचा आश्रय संपत असताना आकाशवाणी हीच कलावंतांची नवी आश्रयदाती झाली होती. नियमित मानधन, श्रेणी आणि देशभर नाव तेथून मिळत असे. सारंगीवादकाला तेथे जागा होती, पेटीवादकाला नव्हती. अप्पांच्या उमेदीची वर्षे नेमकी याच काळात गेली. उरली ती मैफल, आणि मैफलीत कोणाची साथ घ्यावयाची हे गायकाच्या मर्जीवर अवलंबून होते.

निवडीतून झालेली पाठराखण :
येथे पं. भीमसेन जोशी यांची भूमिका महत्त्वाची ठरते. आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून सुरू झालेल्या महोत्सवाचे ते आधारस्तंभ होते. आकाशवाणीने नाकारलेले वाद्य या मंचावर हजारो श्रोत्यांसमोर सन्मानाने वाजत राहिले. भीमसेनांनी दीर्घकाळ ज्या पेटीवादकांची साथ घेतली, त्यांत पुरुषोत्तम वालावलकर यांच्याबरोबर अप्पांचे नाव ठळक आहे. किशोरी आमोणकर, पं. जसराज प्रभृती कलावंतांनाही त्यांनी साथ केली. परस्परांहून इतक्या भिन्न गायकींना एकच माणूस साथ करू शकला, यातच त्याची योग्यता दिसते.

भीमसेनांना साथ करणे सोपे नव्हते. विलंबित ख्यालात त्यांची आलापी संथपणे एकेका स्वराभोवती वाढत जाई. तेथे पेटीने पुढचा स्वर आधीच दाखविला तर गायकाची कल्पना उघडी पडते; फार मागे राहिली तर आधार तुटतो. पुढे तान आली की ती अकस्मात आणि प्रचंड वेगाने येई. ध्रुपद-धमाराची तालीम असल्यामुळे अप्पांना गायकाच्या मनातील पुढचे पाऊल ओळखता येत असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरणे हे तर त्याहून निरपेक्ष काम! एकच ओळ तासभर न ढळता वाजवायची आणि टाळ्या तबल्याला मिळायच्या.

तथापि या पाठराखणीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. पेटी मैफलीत मानाने घेणारे गायक आकाशवाणीवर तिच्याविना गातच राहिले. वाद्यावरील बंदी मान्य नाही म्हणून प्रसारणावर बहिष्कार घालण्याची चळवळ गायकांनी उभारली नाही. साथीदाराला मंचावर प्रतिष्ठा मिळाली. मानधन आणि प्रसिद्धी यांतील अंतर कायम राहिले. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर गायकाचे नाव ठसठशीत आणि साथीदारांची नावे बारीक अक्षरांत, तीही असलीच तर, असे चित्र दिसते. त्यामुळे साथीदाराचा इतिहास लिहिताना अभ्यासकाला लिखित साधनांपेक्षा ध्वनिमुद्रणांवरच अधिक विसंबावे लागते, आणि आपल्या विद्यापीठीय इतिहासलेखनाला या साधनाची अद्याप पुरेशी सवय नाही.

अप्पांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २००० मध्ये मिळाला. एकेकाळी नभोवाणीवर बंदी असलेल्या वाद्याच्या वादकाला राष्ट्रीय अकादमीने दिलेली ही मान्यता होती. २००६ मध्ये महमूद धौलपुरी या पेटीवादकाला पद्मश्री मिळाली. भीमसेनांना भारतरत्न २००८ मध्ये जाहीर झाले. पुढच्याच वर्षी, १६ सप्टेंबर २००९ रोजी अप्पांचे निधन झाले आणि २४ जानेवारी २०११ रोजी भीमसेनही गेले. दोघांच्या एकत्रित मैफलींची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. त्यांची सूची तयार करून जालन्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांत ती ठेवणे, हे काम जिल्ह्यातील इतिहास व संगीत विभागांना मिळून हाती घेता येण्यासारखे आहे.