तळटीप १२ : झिरो आणि पॅरलॅक्सची नॉब

१२. मजकुरातला नेमबाज २०० मीटरवरच्या लक्ष्यासाठी दुर्बिणीची डावीकडची नॉब फिरवतो आणि तरीही ‘झिरो तोच’ म्हणतो. यात विसंगती नाही.

झिरो म्हणजे ठरावीक अंतरावर, बहुधा १०० मीटर किंवा १०० यार्डांवर, दुर्बिणीतली फुली जिथे टेकते तिथेच गोळी लागावी अशी केलेली जुळणी. ती वरच्या आणि उजवीकडच्या टरेटने करतात.

डावीकडची नॉब पॅरलॅक्ससाठी, म्हणजे पराशयासाठी. लक्ष्याची प्रतिमा फुलीच्या प्रतलात पडली नाही, तर डोळा जरा हलताच फुली लक्ष्यावरून सरकते. स्कूटरवर मागे बसलेल्याला वेगाचा काटा भलत्याच आकड्यावर दिसतो, तसे. नॉब आतले भिंग मागेपुढे करून प्रतिमा फुलीच्या प्रतलात आणते. झिरोला ती हात लावत नाही.

गफलत वेगळीकडे होते. पॅरलॅक्स न घालवता, डोळा मध्यापासून ढळलेला असताना झिरो केला, तर ती चूक झिरोत मुरते आणि पुढे नॉब नीट लावल्यावर गोळ्या बाजूला जातात. पदार्थभिंग ४० मिलिमीटरचे आणि पॅरलॅक्स १०० मीटरवर बेतलेला असेल, तर २०० मीटरवर ही चूक जास्तीत जास्त सुमारे २ सेंटिमीटर भरते. डोळा बरोबर मध्यावर असेल तर शून्य.

नॉबवरचे अंतराचे आकडे ढोबळ असतात. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून डोके वरखाली करावे. फुली लक्ष्यावरून हलली नाही, की नॉब बरोबर लागली.