सिंधुदुर्गाचे मुके पहारेकरी

कोल्हापूरला सगळे काही आहे, फक्त समुद्र नाही, असे आम्ही कोल्हापूरकर पाहुण्यांना हसत सांगतो. अंबाबाई आहे, रंकाळा आहे, पंचगंगेचा घाट आहे, तालमी आहेत. समुद्र तेवढा घाटाखाली राहिला. पण इतिहासाची पाने उलटली म्हणजे कळते की, हे वाक्य १८१२ सालानंतरचे आहे. त्याआधी कोल्हापूरच्या छत्रपतींचे निशाण मालवणच्या बंदरात फडकत होते आणि सिंधुदुर्ग किल्ला त्यांच्या राज्यात होता. आज आमच्याकडची तरुण मुले दिवाळीच्या सुटीत त्याच मालवणला जातात, तोंडाला काचेचा मुखवटा आणि श्वासाची नळी लावतात आणि किल्ल्याच्या अंगणातल्या पाण्यात पालथी पडून पोवळी पाहतात. या खेळाला स्नॉर्केलिंग म्हणतात. मीही तो केला आहे. परंतु पाण्याखाली जे दिसले त्याचे मोल मला कळले ते वर येऊन इतिहास चाळल्यावर.

पाण्याखाली राहण्याची हौस माणसाला जुनीच. दुर्योधन द्वैपायन डोहात दडून बसला तो जलस्तंभन विद्येच्या बळावर. इकडे ग्रीक पंडित अ‍ॅरिस्टॉटल याने हत्तीच्या सोंडेला पाणबुड्यांच्या श्वासनळीची उपमा दिली आहे. म्हणजे त्याच्या काळी, सव्वादोन हजार वर्षांहून अधिक मागे, नळीतून श्वास घेणारे पाणबुडे लोकांच्या ओळखीचे होते. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला या खेळात नवे शिकण्यासारखे थोडेच. खरी कसोटी हातपाय मारण्यात नसून ते न मारण्यात आहे. निवांत तरंगत राहायचे, आणि खाली पाय टेकायचा नाही. हा दुसरा नियम का, ते पुढे सांगतो.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे; त्या खडकावर गणेश, सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत, आणि तेथेच पूजा झाली असे गावकरी सांगतात. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. सुमारे ४८ एकरांचे कुरटे बेट, भोवती नागमोडी तट, आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध गोडे, हे नवल पाहायला आजही लोक होड्यांतून जातात.

परंतु तट बांधला तो माणसांनी. बेटाची निवड झाली ती त्याच्या भोवतालच्या खडकांमुळे. कुरटे बेटाभोवती पाण्यात बुडालेले आणि ओहोटीला डोके वर काढणारे खडक पसरले आहेत. मालवणी माणूस त्यांना खडप म्हणतो. ज्याला वाट ठाऊक आहे त्याची होडी त्यांतून अलगद निघते. ज्याला नाही त्याच्या जहाजाचा तळ फाटतो. परक्याच्या मोठ्या गलबतांना असा किल्ला जवळून वेढणे अवघड. म्हणजे सिंधुदुर्गाला दोन तट आहेत: एक दिसणारा, दगडाचुन्याचा, दुसरा न दिसणारा, निसर्गाने घातलेला.

राजाराम महाराजांनी १६९५ साली किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर बांधले. पुढे छत्रपतींच्या गादीच्या सातारा आणि कोल्हापूर अशा दोन शाखा झाल्या आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरकडे राहिला. मालवणच्या आरमाराचा दरारा एवढा की, इंग्रजांच्या कागदांत त्याच्या नावाने बोटे मोडलेली आढळतात. १७६५ साली, कोल्हापुरात जिजाबाई राणीसाहेब बाल छत्रपतींच्या नावाने कारभार पाहत असता, मुंबईहून मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांची स्वारी आली आणि किल्ला पडला. इंग्रजांनी त्याचे नाव ठेवले फोर्ट ऑगस्टस! पण तो सांभाळणे परवडेना. तेव्हा पावणेचार लाखांहून अधिक रुपये आणि व्यापाराला उपद्रव न देण्याचे वचन घेऊन त्यांनी तो कोल्हापूरकरांना परत केला. नवे नाव इंग्रजांबरोबरच गेले. शेवटी १८१२ च्या तहाने मालवणचे बंदर आणि सिंधुदुर्ग कंपनीकडे गेले ते कायमचे, आणि कोल्हापूरचा माणूस घाटमाथ्याचा होऊन बसला.

या कथेतून मला एक गोष्ट जाणवते. खडप स्वतः लढत नाही. त्याच्या वाटा जाणणारी माणसे किल्लेदाराच्या बाजूने उभी असतील तोवरच तो पहारेकरी. ती नसली की तो नुसता दगड.

आता पाण्याखाली चला. त्याच खडपांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंगठीतला तांबडा खडा येतो. तो मूळचा भूमध्य समुद्रातला. रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले आहे की, रोमन स्त्रियांना जशी हिंदुस्थानच्या मोत्यांची आवड, तशीच हिंदुस्थानच्या लोकांना पोवळ्यांची. मालवणचे पोवळे दागिन्याचे नव्हे. कुठे मेंदूच्या वळ्यांसारखा गोल गड्डा, कुठे खडकावर चढलेला खडबडीत थर. रंग पिवळट, हिरवट, तपकिरी. येथे लक्षद्वीपासारखी प्रवाळांनीच रचलेली बेटे नाहीत. खडकाच्या आधाराने विखुरलेली बिऱ्हाडे आहेत. त्या बिऱ्हाडांच्या आडोशाने रंगीत मासे, समुद्रकाकड्या आणि खेकडे नांदतात. पावसाळ्यात नद्या आणि खाड्या गाळ आणतात, तेव्हा काही दिसत नाही. दिवाळीनंतर पाणी निवळते आणि पाहणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो.

प्रवाळ हा दगड नसून प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, सूर्यप्रकाशावर अन्न शिजवते आणि यजमानाला वाढते. रंगही बहुतांशी त्याचाच. समुद्र फार तापला की हा सोयरा घराबाहेर पडतो आणि प्रवाळ पांढराफटक दिसू लागतो. उष्मा लवकर ओसरला तर सोयरा परततो. लांबला तर यजमान उपाशी मरतो. मालवणची प्रवाळे अशी पांढरी पडत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. जगभर जे घडते आहे ते आपल्या दारातही आले आहे. त्यात होडीचा नांगर पडला, पोहणाऱ्याचा पाय टेकला, तर अनेक वर्षांची वाढ एका क्षणात मोडते. पाय टेकू नये तो एवढ्यासाठी.

आमच्या जिल्ह्यात दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य १९५८ साली झाले. समुद्राच्या वाट्याला हा मान उशिरा आला. १९८७ साली मालवणला २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, त्याच्या ३.१८ चौरस किलोमीटरच्या गाभ्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगड येतात. हे महाराष्ट्रातले पहिले सागरी अभयारण्य. परंतु कागदावरची रेघ पाण्यावर उमटत नाही. रापण ओढणाऱ्या आणि जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना वाटले की आपल्या तोंडचा घास जाणार, आणि त्यांनी विरोध केला. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्याच्या आज्या-पणज्यांनी हे पाणी राखले, त्याला न विचारता राखण कशी व्हायची?

मौज अशी की, आज पाहुण्यांना पोवळी दाखवतात ते बहुधा याच कोळ्यांचे मुलगे. कोणत्या खडपाआड मासा दडतो, ओहोटीला कोठे पाणी उरते, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक. खडप जिवंत राहिले तर पाहुणा येईल, हा हिशेबही ते जाणतात. मात्र पाहुण्यांची झुंबड वाढली, दिवसाला जास्त फेऱ्या मारण्याचा मोह पडला, की तोच हात नांगर खडपावर टाकील. जालीम शत्रू बाहेरून यावा लागत नाही.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आमचा पन्हाळा आहे आणि सिंधुदुर्गही आहे. १८१२ साली तुटलेले घाटावरचे आणि समुद्रातले नाते एका यादीत पुन्हा शेजारी बसले, म्हणून कोल्हापुरात आनंद झाला. पण आपण कौतुक केले ते दिसणाऱ्या तटाचे. ढासळलेला बुरूज गवंडी पुन्हा बांधील. मेलेले प्रवाळ कोणताही गवंडी बांधू शकत नाही.

दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात, अळीव पेरून हिरवळ उगवतात. यंदा कोणी सिंधुदुर्ग करील तर परातीत पाणी घालून त्याच्याभोवती चार खडे अवश्य ठेवावे. आणि मुलाने विचारले की हे कशाला, तर सांगावे: महाराजांचे हे पहारेकरी अजून नोकरीवर आहेत, त्यांच्या अंगावर पाय देऊ नये.