सूपच्या तळाशी गोट्या

पदार्थाचा फोटो पाहून तोंडाला पाणी सुटतं, तेव्हा जिभेला प्रत्यक्षात काहीच मिळालेलं नसतं. वास नाही, ऊब नाही, चव नाही. डोळ्यांना दिसलेल्या खुणांवरून बाकीचं आपलं मनच भरून काढतं. वाफ दिसली की गरम, लाल तर्री दिसली की झणझणीत. मग या खुणा कुणी मुद्दाम मांडल्या तर? हा प्रश्न अमेरिकेत 1970 च्या सुमारास थेट सरकारदरबारी पोहोचला होता, तोही काचेच्या गोट्यांमुळे.

कॅम्बेल कंपनीच्या भाज्यांच्या सूपची जाहिरात होती. सूप वाडग्यात ओतलं की भाज्या तळाशी बसत आणि कॅमेऱ्याला वरचं पातळ पाणीच दिसे. म्हणून तळाशी पारदर्शक गोट्या टाकल्या गेल्या. भाज्या वर आल्या, वाडगा भरगच्च दिसू लागला. ही दिशाभूल आहे, असा आक्षेप फेडरल ट्रेड कमिशननं घेतला. कायद्याचे काही विद्यार्थीही या वादात उतरले. त्यांच्या गटाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ‘सूप’ हाच शब्द होई! नुसती जाहिरात थांबवून भागणार नाही, लोकांच्या मनात बसलेलं चित्र कंपनीनंच पुढच्या जाहिरातींतून पुसावं, अशी त्यांची मागणी होती. कंपनीनं अशा जाहिराती न करण्याचं कबूल केलं. विद्यार्थ्यांची मागणी तेव्हा मान्य झाली नाही, पण कल्पना टिकली. 1971 मध्ये ‘प्रोफाइल’ ब्रेडच्या उत्पादकांना वर्षभर जाहिरातखर्चाचा चौथा हिस्सा आधीचा गैरसमज दूर करण्यासाठी द्यावा लागला.

मला यातली खरी अडचण वेगळीच वाटते. गोट्यांशिवायचा फोटोही पुरता खरा नव्हता, कारण सूपमध्ये भाज्या होत्या आणि त्या दिसत नव्हत्या. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. फोनमधल्या ‘फूड’ मोडकडे पाहताना मला त्या गोट्याच आठवतात, फक्त आता त्या आकड्यांच्या आहेत. रंग थोडा गडद, प्रकाश थोडा पिवळसर, कडा धूसर. घरपोच जेवण मागवताना वास घेण्याची सोय नसते. फोटो पाहूनच पैसे मोजायचे असतात.

म्हणून मी एक साधी कसोटी लावतो. भाजीचा खरा रंग दिसावा म्हणून उजेड वाढवला, तर तक्रार नाही. पण फोटोतली भाजी वाडग्यातल्या भाजीपेक्षा जास्त दिसत असेल, तर तळाशी गोट्या आहेत असं समजावं.